ओस्टडोर्फचं दप्तर

मार्टिन हाउग हा जर्मन संस्कृत पंडित १८५९ मध्ये पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवायला आला, तेव्हा कॉलेज विश्रामबागवाड्यात भरायचं. सात वर्षं तो पुण्यात होता. वेद आणि अवेस्ता या दोन्हींवर त्याचा हात होता आणि पारशांच्या धर्मग्रंथांवरचे त्याचे निबंध १८६२ मध्ये मुंबईत छापले गेले. पुण्यात शिकलेल्या माझ्यासारख्याला त्याची माहिती एवढीच. चरित्रकोशात पहिल्या ओळीत जन्मगाव दिलेलं असतं, ओस्टडोर्फ, आणि आपण ते वाचून पुढे सरकतो.

नोकरीमुळे मी दक्षिण जर्मनीत आलो आणि श्वेबियन आल्ब या डोंगररांगेच्या पायथ्याशी राहायला लागलो. ओस्टडोर्फ इथून जवळ. बालिंगेन शहरापासून काही किलोमीटरवर, आणि आता त्याच नगरपालिकेत मोडणारं. हाउग शेतकऱ्याच्या घरात जन्मला होता. शिक्षण म्हणाल तर आधी गावची शाळा, मग एका शाळेत मदतनीसाची नोकरी, आणि रात्री जागून स्वतःच्या हिमतीवर लॅटिन, ग्रीक, हिब्रू, संस्कृत. १८४८ मध्ये तो ट्युबिंगेनच्या विद्यापीठात पोचला. त्याची पुस्तकं पुण्याच्या ग्रंथालयांत आहेत, त्यांच्यावर लिहिलेलंही आहे. मला कुतूहल होतं ते गावाचं. असल्या गावात लोक जगत कसे होते, खात काय होते, जमीन किती होती, भांडत कशावरून होते? कुणीतरी सांगितलं की व्युर्टेंबर्ग या इथल्या जुन्या राज्यातल्या खेड्यांचं जुनं दप्तर युरोपात क्वचितच सापडेल इतकं भरगच्च आहे, फक्त वाचता यायला हवं. तिथून हे प्रकरण सुरू झालं.

अशा शोधात पहिली गोष्ट ठरवावी लागते ती गावाचा पंथ. ओस्टडोर्फ व्युर्टेंबर्गच्या ड्यूकच्या ताब्यातलं. ड्यूक उलरिखनं १५३४ मध्ये राज्यात धर्मसुधारणा आणली आणि गाव प्रोटेस्टंट झालं. शेजारचं गाइसलिंगेन कॅथलिक सरदारांच्या ताब्यातलं, म्हणून ते कॅथलिकच राहिलं. दोन्ही गावांच्या शेतांचे बांध जवळजवळ, पण सोयरीक होत नसे, आणि कागदही वेगळ्या ठिकाणी. कॅथलिक गावाचं चर्चचं वहीखातं रोटेनबुर्गच्या धर्मप्रांताकडे, प्रोटेस्टंट गावाचं श्टुटगार्टच्या चर्च-अभिलेखागाराकडे. हे ध्यानात न घेता शोधायला बसलेली माणसं महिनोन्‌महिने भलत्याच दाराशी उभी असतात.

प्रोटेस्टंटांची बरीचशी पुस्तकं आता ‘आर्खियोन’ नावाच्या पोर्टलवर आहेत. २०१५ पासून ते चालू आहे. पैसे भरून ठरावीक मुदतीचा पास घ्यायचा आणि घरबसल्या पानं चाळायची. व्युर्टेंबर्गमध्ये बाप्तिस्मा आणि लग्नांच्या नोंदी ठेवण्याची सक्ती सोळाव्या शतकाच्या मध्यात झाली. १६३४ मध्ये तीस वर्षांच्या युद्धातली न्योर्डलिंगेनची लढाई झाली, मग सैन्यं या मुलखातून नाचून गेली आणि कित्येक गावांची पहिली पुस्तकं राख झाली. जिथं ती उरली तिथं तीन-साडेतीनशे वर्षांचा पट समोर येतो. सरकारी जन्म-मृत्यू नोंद साऱ्या जर्मनीत १ जानेवारी १८७६ पासून. त्याआधी पाद्री हाच निबंधक.

पास घेतला, पान उघडलं. एक अक्षर लागेना.

जुनी जर्मन हस्तलिपी म्हणजे कुरंट. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचा वर्ग मी पूर्वी केला होता, त्यामुळे प्रकार ओळखीचा वाटला: भाषा येते, छापलेलं वाचता येतं, आणि हातानं लिहिलेलं समोर आलं की आपण अडाणी. मोडीसारखीच हीही लगबगीची लिपी, हात न उचलता पळवायची. १९४१ मध्ये नाझी सरकारनं ती शाळांतून काढून टाकली, म्हणून आज सत्तरीतल्या जर्मन माणसालाही आजीची पत्रं वाचता येत नाहीत. गावोगाव प्रौढांसाठी जी लोकशाळा असते, जिथं योगासनांपासून हिशेबापर्यंत सगळे वर्ग चालतात, तिथं कुरंटचा वर्ग निघाला होता. मी नाव घातलं.

वर्गात बहुतेक निवृत्त माणसं. कुणाकडे पणजोबांनी पहिल्या महायुद्धात आघाडीवरून लिहिलेली पत्रं, कुणाकडे आजीच्या पाककृतींची वही, एका गृहस्थांकडे घराचं खरेदीखत. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. पहिल्या दिवशी त्यांनी वाचायला काहीच दिलं नाही. टाक आणि दौत पुढे ठेवली.

“आधी लिहा,” त्या म्हणाल्या. “हाताला कळलं की डोळ्याला कळतं. उलटं होत नाही.”

ओळीच्या ओळी गिरवल्या. या लिपीत ‘ई’ आणि ‘एन’ दोन्ही म्हणजे दोन उभ्या रेघा. ‘यू’ सुद्धा तशाच दोन रेघा, म्हणून त्याच्या डोक्यावर छोटी कमान काढायची, नाहीतर तो ‘एन’च वाटतो. ‘एच’ वरही वळसा घेतो, खालीही घेतो. शब्दाच्या मध्ये येणारा ‘एस’ लांब काठीसारखा आणि शेवटी येणारा गोल गाठीचा. ‘एम’ किंवा ‘एन’ दुहेरी असेल तर एकदाच लिहून वर आडवी रेघ. कंटाळलेला लेखक शब्दाचा शेवट लिहीतच नाही, एक फराटा ओढतो आणि पुढे जातो. त्यातून लॅटिन शब्द आणि माणसांची नावं मध्येच वेगळ्या, सरळ रोमन लिपीत. हे मात्र वाचणाऱ्याच्या पथ्यावर पडतं, कारण गर्दीत नावं तेवढी आपोआप उठून दिसतात.

अक्षरं लागायला लागली तरी तारखा लागत नाहीत, कारण तारखा कॅलेंडरच्या नसतात. ‘गेओर्गी’ म्हणजे २३ एप्रिल, हिशेबाचं वर्ष तिथून तिथपर्यंत. ‘मिखाएलिस’ २९ सप्टेंबर, ‘मार्टिनी’ ११ नोव्हेंबर. व्याज आणि खंड चुकते करायचे ते असल्या सणांना. ‘लिख्टमेस’, २ फेब्रुवारी, हा सालगड्यांनी मालक बदलायचा दिवस. मी हे सगळं एका पुठ्ठ्यावर लिहून टेबलासमोर टांगलं. अजून तिथंच आहे.

१८२७ चं बाप्तिस्म्याचं पान निघालं. चरित्रांत हाउगची जन्मतारीख ३० जानेवारी १८२७ दिलेली असते. आजूबाजूच्या नोंदींसारखीच एक नोंद, तीच शाई, तोच हात. पाद्र्याला काय ठाऊक, हे पोर पुढे अवेस्तातल्या गाथांचं व्याकरण लावणार आहे. नोंदीपाशी मी फार रेंगाळलो नाही. नजर गेली ती पानावरच्या इतर नावांशेजारच्या बारीक खुणांकडे. पुष्कळ नावांपुढे नंतर कधीतरी काढलेली फुली आणि एक तारीख. मूल दगावलं की पाद्री मागे जाऊन जन्माच्या नोंदीपाशी ती फुली काढायचा. काही तारखा जन्मानंतर आठवड्याभराच्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात व्युर्टेंबर्गमध्ये साधारण तीनांतलं एक मूल पहिल्या वर्षातच जात असे. हा आकडा मी आधी वाचला होता, पण आकडा वाचणं वेगळं. पान उलटावं तशा फुल्या येत जातात आणि त्याच आईबापांच्या नावावर वर्षा-दीड वर्षानं तेच नाव पुन्हा येतं. गेलेल्या योहानेसच्या जागी दुसरा योहानेस.

नावांचा गोंधळ तर विचारू नका. गावात आडनावं मोजकी आणि पाळण्यातली नावंही मोजकी. त्यामुळे एकाच नावाचे तिघे एकाच वेळी हयात. पाद्री त्यांना ‘थोरला’, ‘मधला’, ‘धाकटा’ असं लिहितो. ते बापलेक असतीलच असं नाही, वयानं क्रम लावलेला असतो. थोरला वारला की मधल्याला बढती मिळते आणि कागदावर तोच माणूस आता ‘थोरला’ होतो. १८०८ पासून व्युर्टेंबर्गच्या चर्चमध्ये कुटुंबवार नोंदवह्या सुरू झाल्या, एका पानावर एक घर, आईबाप वर आणि मुलं खाली. त्या हाताशी असल्या की हा गुंता पुष्कळ सुटतो. नवशिक्यानं सुरुवात तिथूनच करावी.

चर्चच्याच दप्तरात आणखी एक वही असते, चर्च-पंचायतीची. १६४० च्या दशकात, ते तीस वर्षांचं युद्ध चालू असतानाच, व्युर्टेंबर्गनं गावोगाव ही पंचायत बसवली: पाद्री, गावचा शुल्टहाइस म्हणजे मुख्य कारभारी, आणि दोन-चार प्रतिष्ठित. रविवारी गवत कापलं, दंड. प्रवचनात झोप काढली, दंड. नवरा-बायकोची हाणामारी, समज आणि दंड. हिवाळ्यात दिव्याचं तेल आणि जळण वाचावं म्हणून मुली-बायका एका घरात सूत कातायला जमायच्या. बाहेर तरुण पोरं घुटमळायची. या बैठकांवर पंचायतीचा जेवढा राग, तेवढा दुसऱ्या कशावर नसेल. बंदी घालायची, ती मोडली जायची, पुन्हा घालायची. शतक-दीड शतक हा खेळ चालू राहिलेला वाचताना हसू येतं. आणि वहीत कधीकधी साक्षीदारांची वाक्यं जशीच्या तशी टिपलेली असतात, बोलीसकट. कानावर पडणारी श्वेबियन बोली कागदावर भेटली ती इथं.

तरीही मला विचाराल तर जन्म-लग्न-मृत्यूची पुस्तकं हा गावाचा सांगाडा. मांस आहे ते वाटणीच्या कागदांत.

१५५५ मध्ये व्युर्टेंबर्गचा जो जमीनजुमल्याचा कायदा झाला, त्याचा परिणाम पुढे साडेतीनशे वर्षं टिकला. लग्न झालं की नवरा-बायकोनं काय काय आणलं त्याची यादी करायची. दोघांपैकी एक वारला की पुन्हा यादी, दुसरा वारला की शेवटची यादी आणि वाटणी. वाटणी सर्व मुलांत सारखी, मुलगा असो की मुलगी. १९०० मध्ये जर्मन साम्राज्याचा नवा नागरी कायदा लागू होईपर्यंत ही पद्धत चालली. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला जन्मानं हिस्सा १९९४ मध्ये मिळाला, हे डोक्यात ठेवून हे कागद वाचायला बसलं की माणूस जरा सरसावतोच. अर्थात सगळं गोडीगुलाबीचं होतं असं नाही. बाईचा हिस्सा तिच्या नावावर राही, पण व्यवहार करताना तिच्या बाजूनं बोलायला एक पुरुष पालक लागे. ती अट व्युर्टेंबर्गमध्ये १८२८ मध्ये गेली.

हे कागद ऑनलाइन नाहीत. ते गावच्या दप्तरात असतात आणि गाव शहरात विलीन झालं की सहसा शहराच्या अभिलेखागाराकडे जातात. तिथली रीत अशी: आधी अर्ज, विषय काय आणि कशासाठी. मग सूची बघून क्रमांक टिपायचे आणि मागणी करायची. पेशवे दप्तरात जसे रुमाल, तसे इथं ‘ब्युशेल’, दोरीनं बांधलेले गठ्ठे. शाईचं पेन आत न्यायचं नाही, फक्त शिसपेन्सिल. पाणी नाही, पिशवी नाही. मी सिनेमात बघून पांढरे हातमोजे नेले होते. अभिलेखागारातल्या ताईंनी ते शांतपणे बाजूला ठेवायला सांगितले; हात स्वच्छ धुवा आणि पुसा, मोज्यांनी कागद फाटतो. गठ्ठ्यातला कागद चिंध्यांपासून केलेला, जाड, अडीचशे वर्षांनंतरही पांढराशुभ्र. १८७० नंतरचे कागद मात्र पिवळे पडून कडेनं तुटतात.

यादीचा साचा ठरलेला. आधी घर, कोठार, शेतं, कुरणं, परसबाग. मग रोकड. मग दागिने. मग पुस्तकं, हो, पुस्तकांचा रकाना स्वतंत्र! गरिबातल्या गरीब घरातही बायबल आणि भजनांचं पुस्तक निघतं, आणि धार्मिक घर असेल तर प्रवचनांची आणखी दोन-चार. त्यानंतर पुरुषाचे कपडे, बाईचे कपडे, अंथरूण-पांघरूण, कापड, मग भांडी: पितळेची, कथील-शिशाची, तांब्याची, लोखंडाची, लाकडाची, प्रत्येकाचा वेगळा रकाना. पेट्या-फडताळं, पिंपं, शेतीची अवजारं, गाडी, जनावरं, धान्य. सगळ्यात शेवटी देणं-घेणं. प्रत्येक वस्तूपुढे किंमत, गुल्डेन आणि क्रोयत्सरमध्ये. साठ क्रोयत्सरचा एक गुल्डेन.

एका विणकऱ्याच्या विधवेची यादी माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. ‘एक काळा घागरा, जुना’. ‘एक तसाच, त्याहून जुना’. ‘एक बिनकामाचा’. त्या बिनकामाच्या घागऱ्यालाही चार क्रोयत्सर किंमत लावली आहे. अर्धी गाय निघाली. दुसरा अर्धा हिस्सा दिराचा. घराचा पाव भाग, त्यातही ‘तळघराचा जिन्याखालचा कोपरा’ असा उल्लेख. शेताचे तुकडे लिहिताना दोन्ही अंगांचे शेजारी नावानिशी दिले आहेत. आपल्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात त्याच धाटणीनं. एकाचा बांध अमक्याला लागून, दुसरा गावच्या गायरानाला लागून.

तिथल्या मापानं एक मोर्गेन म्हणजे सुमारे ३१ गुंठे, आणि त्याचे चार ‘फिर्टेल’. यादीत मोर्गेन क्वचित, फिर्टेल पुष्कळ, आणि अर्ध्या, पाव फिर्टेलच्या पट्ट्या त्याहून जास्त. पाव फिर्टेल म्हणजे दोन गुंठेही भरत नाहीत. सारखी वाटणी केल्याचा हा दुसरा पदर. शिवाय गावचं शिवार तीन भागांत असे: एकात हिवाळी डिंकेल नावाचा सालीचा गहू, दुसऱ्यात ओट, तिसरा पडीक, दरवर्षी फिरती पाळी. पट्ट्यांना रस्ते नाहीत, शेजाऱ्याच्या रानातून जायचं. म्हणून नांगरट, पेरणी, कापणी सगळ्या गावानं एकाच वेळी करायची सक्ती. मला एकट्याला बटाटे लावायचेत, हे चालत नसे. तुकडे करू नका असं सांगणारा कायदा मुंबई प्रांतात १९४७ मध्ये आला. इथं पट्ट्या एकत्र करण्याचं काम विसाव्या शतकात झालं, आणि अजूनही डोंगराच्या उतारावर त्या जुन्या बारीक पट्ट्यांचे बांध ओळखू येतात.

हे कागद लिहायचा सरकारी लेखनिक. त्याला मोबदला पानावर मिळे. त्यामुळे अक्षर ऐसपैस, दोन ओळींत हातभर अंतर, आणि चार शब्दांत होईल त्याला चाळीस. गावकऱ्यांच्या शिव्या खाणारी ही जमात, आणि त्यांच्या विरोधात सगळ्यात जोरानं लिहिणारा माणूस त्याच जमातीतून निघाला: रॉयटलिंगेनचा फ्रीडरिख लिस्ट, पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून गाजलेला. १८२१ मध्ये त्यानं कारभाराविरुद्ध अर्ज लिहिला आणि त्यापायी किल्ल्यात कैद भोगली. मला मात्र त्या पानावर पैसे घेणाऱ्यांचे आभार मानावेसे वाटतात. त्यांच्या लोभामुळे वाचायला बरं जातं.

आणि लिस्टचं नाव आलंच आहे तर १८१७ सांगायला हवं. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि १८१६ चा उन्हाळा युरोपात आलाच नाही. पाऊस, थंडी, शेतात कुजलेलं पीक. पुढच्या वसंतात व्युर्टेंबर्गमधून हजारो माणसं निघाली, कुणी नेकार नदीमार्गे अमेरिकेकडे, कुणी डॅन्यूबच्या वाटेनं काळ्या समुद्राकडे आणि कॉकेशसकडे. लिस्टला सरकारनं हाइलब्रोनला पाठवलं, की जाणाऱ्यांना विचार, का जाता. त्यानं जबान्या घेतल्या. उत्तरं बघितली तर भूक आहेच, पण कर, कारभाऱ्यांचा जाच, जंगली जनावरांनी खाल्लेलं पीक हेही आहे. व्युर्टेंबर्गचा नवा राजा विल्हेल्म आणि राणी काटारीना यांनी १८१८ मध्ये होहेनहाइमची शेतीशाळा काढली आणि कानश्टाटचा शेतकी मेळा भरवला. तो मेळा आज लाखो लोक बिअर पिण्यासाठी भरवतात, भुकेतून निघालाय हे किती जणांच्या लक्षात असतं कोण जाणे.

गाव सोडणाऱ्याला नागरिकत्व सोडल्याचा कागद करावा लागे आणि वर्षभर कुणाचं देणं निघालं तर भरून देईल असा जामीन. असे कागद बालिंगेन तालुक्याच्या दप्तरात पुष्कळ आहेत, १८१७ चे, आणि बटाट्यावरच्या रोगानंतर १८४७ च्या पुढचे त्याहून जास्त. जे राहिले त्यांच्यावर आणखी एक बंधन. १८३३ च्या आणि मग १८५२ च्या कायद्यानं, पोट भरायची ऐपत दाखवल्याशिवाय लग्नाला गावाची परवानगी मिळेना. बाप्तिस्म्याच्या पुस्तकात बापाचा रकाना कोरा असलेली मुलं या काळात वाढतात. पाद्री त्याबद्दल जे लिहितो ते वाचवत नाही. अशा काही नोंदींच्या समासात पाच-सात वर्षांनी ‘लग्नानं औरस’ असं लिहिलेलं सापडतं. म्हणजे जोडपं टिकून होतं, परवानगीच अडली होती.

दोन गुंठ्यांच्या पट्ट्यांवर कुणाचं भागत नाही. म्हणून या मुलखात जो तो शेतीबरोबर काहीतरी करतो: विणकाम, मोजे, चपला, सुतारी. जवळच्या ओन्स्टमेटिंगेनला १७६४ ते १७७० फिलिप माटेउस हान नावाचा पाद्री होता. प्रवचनांच्या जोडीला तो घड्याळं आणि तराजू बनवायचा, आणि गावकऱ्यांना शिकवायचा. तराजूचा धंदा या भागात त्या मुळावर फोफावला. बालिंगेनचा आजचा मोठा वजनकाट्यांचा कारखाना १८६६ पासूनचा. हाउग त्याच वर्षी पुण्याहून परतला. रेल्वे बालिंगेनला आली १८७४ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या दोन वर्षं आधी. म्हणजे शाळेतला तो मदतनीस मुलगा ट्युबिंगेनला गेला असेल तो पायी किंवा घोडागाडीतून. वाटणीचे कागद वाचल्यावर त्याच्या रात्रीच्या अभ्यासाकडे मी वेगळ्या नजरेनं बघतो. ज्याच्या वाट्याला फिर्टेलभर रान येणार, त्याला ग्रीक हा काही छंद नव्हता.

कागदांच्या निमित्तानं गावातल्या काही जुन्या मंडळींशी ओळख झाली. शनिवारी कधीतरी बसतो. त्यांना कुरंट येत नाही, मला शिवार माहीत नाही, त्यामुळे जमतं. मी कागदावरून शेताचं नाव वाचायचं आणि ऐंशीच्या घरातल्या एका आजोबांनी खिडकीतून बोट दाखवायचं: ते तिकडे, नासपतीच्या झाडांपलीकडे. नकाशात नसलेली नावं त्यांच्या तोंडात आहेत. ती झाडंही बघण्यासारखी. खायची नासपती नव्हे, तोंड आंबट-तुरट करणारी. तिचा रस आंबवून ‘मोस्ट’ करतात. शरद ऋतूत फळं वेचायला सगळं घर, नातवंडांसकट, गवतात. आजोबांच्या तळघरात पिंप आहे. पाहुण्याला विचारत नाहीत, ओततात. पहिला घोट घशाखाली उतरवणं अवघड, तिसऱ्यापासून सवय होते.

मंडळी हाउगला ओळखतात. आपल्या गावचा मोठा विद्वान, भारतात गेलेला, एवढं. तिथं त्यानं काय केलं, हे मला विचारतात. मी सांगितलं की ऐतरेय ब्राह्मण हा यज्ञविधींचा ग्रंथ त्यानं इंग्रजीत आणला. नुसत्या पोथीवरून विधी समजेनात, म्हणून एका श्रोत्रियाला राजी करून आपल्या राहत्या जागेच्या आवारात, कुणाच्या नजरेला येणार नाही अशा ठिकाणी, ते करून दाखवायला लावले आणि शेजारी बसून टिपून घेतले. १८६३ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यानं हे स्वतः लिहिलं आहे. यज्ञातल्या तीन अग्नींची कुंडं कशी असतात ते मी कागदावर काढून दाखवलं: गार्हपत्य गोल, आहवनीय चौकोनी, दक्षिणाग्नी अर्धगोल.

आजोबांनी कागद जवळ घेतला, चष्मा वर केला. बालिंगेन १८०९ मध्ये जळून खाक झालं होतं. आगीच्या बाबतीत हा मुलूख फार काटेकोर.

“तीन-तीन आगी,” ते म्हणाले. “घराच्या आवारात. आणि परवानगी कुणी दिली?”